बाईंनी पास केलेलं कुंपण

बाईंच्या पर्समध्ये काडेपेटी असायची. विडी-सिगारेटचा प्रश्नच नव्हता, आणि घरी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची काडेपेटी वेगळी होती. पर्समधली काडेपेटी फक्त पानांसाठी. मंडईत पालेभाजीच्या रांगेत उभ्या राहिल्या की बाई कढीपत्त्याचं एक पान मागून घेत, केसांतली पिन काढून त्या पिनेत ते देठाशी पकडत आणि काडी ओढत. मग मोठ्यानं मोजणी सुरू. "एक... दोन... तीन... बघा, ओला आहे तरी चौथ्याला पेटला. तेल आहे त्याच्यात."

भाजीवाल्या मावशी वैतागायच्या. "बाई, जुडी घ्या नाहीतर पुढं व्हा. माझ्या टोपलीपाशी काड्या ओढू नका." पण बघता बघता मंडईत अशी समजूत पसरली, की ह्या बाई दृष्ट काढतात. एकदा माझ्यादेखत एका तरुण आईनं रडकं पोर बाईंपुढे धरलं होतं. बाईंनी त्याचे डोळे नीट पाहिले आणि सांगितलं, "ह्याला घरी नेऊन झोपवा. दृष्ट आपोआप उतरेल." त्या पोरीनं श्रद्धेनं मान डोलावली. पुढच्या आठवड्यात ती पेढे घेऊन आली, आणि बाईंनी पेढ्याचा कागद जाळून बघितला.

बाईंना जाऊन आता दीड वर्ष होईल. त्या मला खडकीच्या शाळेत विज्ञान शिकवायला होत्या, आणि नंतरची पंचवीस वर्षं त्यांनी ते शिकवणं थांबवलं नाही. मी नारायण पेठेत राहायला आले, बँकेत लागले, लग्न केलं, केस पिकवले. बाईंच्या लेखी मी नववी अ मधली, खिडकीजवळची, "लक्ष बाहेर असलेली" मुलगीच राहिले. रस्त्यात भेटल्या की, "काय गं, कशी आहेस?" हे नाही. एखाद्या झाडाकडे बोट दाखवून, "हे जळेल का?"

'ज्वलन' हा धडा त्या फळ्यावर शिकवत नसत. प्रत्येकानं एक पान आणायचं. बाई ते पेटवणार, अख्खा वर्ग सेकंद मोजणार, आणि मग पानाचा निकाल लागणार. पाचाच्या आत पेटलं तर नापास. दहाच्या पुढे गेलं तर पास. नुसतंच धुरकटून विझलं तर प्रथम श्रेणी. मधल्यांना पुन्हा बसायची मुभा. आमच्या वर्गातल्या एका हुशारानं घरच्या शोकेसमधलं प्लास्टिकचं पान आणलं होतं. बाईंनी शांतपणे तेही पेटवलं. वर्गभर घाण वास सुटला, आणि त्यांनी वहीत लिहून ठेवलं: "नापास. शिवाय खोटं."

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. त्यांचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते. ज्या वर्षी त्यांनी दीक्षा घेतली त्याच वर्षी मुलीला शाळेत घातलं. ह्या दोन गोष्टी बाई कायम एकाच वाक्यात सांगत. कारखान्याच्या फाटकावर रोज सकाळी कामगारांचे खिसे तपासत. काडेपेटी, विडी, काही आत न्यायची सोय नाही. वडलांना त्याची इतकी सवय झाली की रविवारीसुद्धा त्यांच्या खिशात काडेपेटी नसे. घरी स्टो पेटवायचा तर शेजारून काडी मागून आणत. "तीस वर्षं त्यांनी बाळगली नाही," बाई म्हणाल्या, "त्यांच्या वाटणीची मी बाळगते." मला वाटलं आता त्या हळव्या होणार. पण त्यांनी लगेच बाजूच्या कुंडीतलं मोरपंखीचं पान तोडलं आणि पेटवलं. ते भुस्सकन पेटलं, आणि बाई खूश झाल्या.

निवृत्तीनंतर बाईंना खरं कार्यक्षेत्र सापडलं. पुण्यातली माणसं तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांत गुंठ्यागुंठ्यानं जमिनी घ्यायला लागली होती. जमीन घेतली की घर, आणि घर झालं की वारा लागतो म्हणून चारी बाजूंनी झाडं. झाडं कुठली? भराभर वाढतील ती. सुरू, निलगिरी, शोभेला मोरपंखी. बाई म्हणायच्या, "लोक डोंगराच्या पायथ्याशी घर बांधतात आणि त्याच्या चारी बाजूंना रॉकेलचे डबे उभे करतात. वर पाणीही घालतात त्यांना." डोंगरावरचं गवत फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळून कोळ होतं, कुणीतरी ते पेटवतं, आणि वारा ज्या बाजूनं येतो त्याच बाजूनं वणवाही येतो. म्हणजे वारा अडवायला जे झाड लावाल, तेच आगीच्या तोंडी पहिलं. हे त्यांचं साधं गणित होतं, आणि ते कुणीच करत नाही ह्याचा त्यांना संताप येई.

नर्सरीवाल्यांचं त्यांच्याशी हाडवैर. गिऱ्हाईक विचारतं, "हे किती वाढतं?" बाई गिऱ्हाइकाच्या मागून विचारत, "आणि जळतं किती?" एका नर्सरीवाल्यानं तर त्यांना लांबून येताना पाहिलं की फाटक लावून घ्यायला सुरुवात केली. बाई फाटकाच्या गजांतून हात घालून पान तोडत. तो आतून ओरडे, "अहो बाई, आपण सुशिक्षित दिसता!" बाई बाहेरून म्हणत, "म्हणूनच विचारून तोडतेय. तोडू ना?" तोवर पान पिनेत गेलेलं असे.

अशा ह्या बाईंना मी आमच्या जागेवर स्वतःहून घेऊन गेले, ह्यावरून माझी अक्कल लक्षात यावी.

आमची जागा सासवडच्या पुढे, डोंगराच्या अगदी अंगाशी. पंधरा गुंठे, दोन खोल्या, पुढे पडवी. तिथे माझ्या नवऱ्याची, मंदारची आई राहायची. मीही त्यांना आईच म्हणते. पेठेतल्या धुरानं त्यांचा दमा इतका वाढला होता, की जिना चढून आल्या की अर्धा तास बोलता येत नसे. आणि न बोलणं हे त्यांच्या प्रकृतीला दम्यापेक्षा घातक. जागेवर गेल्या आणि दोन महिन्यांत दम्याचा पंप सुटला. पण खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना वॉकर घेऊन चालावं लागायचं, आणि वॉकरवर त्यांचा राग. "त्या स्टुलाला धरून मी जगात हिंडणार नाही," म्हणून त्या दिवसभर पडवीत खुर्चीवर बसून राहत. शेजारच्या तात्यांची सून सोबतीला येई. आई तिथे सुखात होत्या, आणि आमच्या जिवाला एकच घोर होता, की काही झालं तर ह्या पळणार कशा?

आईंना तो घोर नव्हता. त्यांना वाऱ्याचा त्रास होता. पत्रा वाजतो, दार आपटतं, कान दुखतो. त्यांना सुरूची झाडं हवी होती, आणि ती कालच लावून झालेली हवी होती.

बाई आल्या जूनमध्ये. त्या कायम जूनमध्येच निघत. शाळा जूनला सुरू होते, प्रवेश जूनमध्ये होतात, झाडं पहिल्या पावसावर लावतात, तेव्हा झाडांची परीक्षाही जूनमध्ये, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की कुणाला त्यात वेगळं काही दिसलंच नाही. उन्हाळ्यात त्या खडकीच्या मुलांना परीक्षेसाठी शिकवत. त्या महिन्यांत बाहेरगाव बंद.

सोबत एक जुनी हजेरीवही. डाव्या बाजूला झाडांची नावं, उजवीकडे सेकंद, आणि शेवटच्या रकान्यात शेरे. मी चोरून वाचले होते. घायपात: "जाड कातडीचा. प्रथम श्रेणी." निलगिरी: "दिसायला देखणा. संगत वाईट." बांबू: "गटात आला की फाजील."

"वारा अडवायचाय," आईंनी पडवीतूनच हुकूम सोडला.

"वारा अडवायचा नसतो, चाळायचा असतो," बाई म्हणाल्या. "भिंत घातलीत तर वारा वरून उडी मारून तुमच्याच पत्र्यावर येऊन पडेल. अर्धा आत येऊ द्यायचा."

"अर्धा कान दुखायला?"

"आणि आगीचं काय?"

"आग लागेल तेव्हा बघू. वारा आज लागतोय."

दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मी आणि मंदार उगाच विहिरीत डोकावून आलो.

दोन दिवस परीक्षा चालली. पश्चिमेच्या बाजूला, जिकडून पावसाळी वारा येतो, तिथे बाईंनी बाहेरून घायपात, त्याच्या आत अडुळसा आणि मागे जांभळं नेमली. अडुळशाचं पान पंधरा मोजले तरी पेटेना, शिवाय शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. आईंनी विचारलं, "हे किती दिवसांत माझ्या डोक्याएवढं होईल?" बाई म्हणाल्या, "तीन वर्षं." आई म्हणाल्या, "तोवर माझं डोकं राहील का?"

शेवटी तडजोड दक्षिणेला झाली. त्या बाजूला तात्यांचा डोंगरउतार होता आणि वाराही बऱ्यापैकी यायचा. तात्यांनी बांधावरचं गिरीपुष्प सुचवलं. नुसती काठी रोवली की महिनाभरात फुटतं, वर्षात डोक्यावर जातं, पाला गुरांना आणि खताला. बाईंनी त्याचं पान पिनेत धरलं. पान मऊ, पाण्यानं भरलेलं. एक काडी संपली, दुसरी संपली, तिसरी संपली, पान नुसतं काळं पडून लोंबत राहिलं. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी वहीत लिहिलं, "प्रथम श्रेणी. विशेष प्रावीण्य." त्या पावसाळ्यात त्यांनी आणखी नऊ घरांना गिरीपुष्प सांगितलं.

तात्यांना मात्र हे सगळं बघून मौज वाटत होती. "बाई, आमी समदा डोंगर येका काडीत पेटवतो, आन् तुमी येका पानाला तीन काड्या लावताय!"

"डोंगर पेटवता कशाला पण?"

"जाळल्याबिगर नवं गवात फुटतंय व्हय? आज्याच्या टायमापासनं हायच की हे."

बाईंनी त्यांना अर्धा तास शास्त्र सांगितलं. तात्यांनी अर्धा तास मान हलवली, आणि मार्चमध्ये नेहमीप्रमाणे डोंगर पेटवला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही धूर दुसरीकडे गेला, आणि आम्ही निर्धास्त झालो. गिरीपुष्प डोक्यावर गेलं होतं. आईंचा कान दुखायचा थांबला होता. "तुझ्या बाई विक्षिप्त आहेत, पण झाड बरं दिलं," असं प्रशस्तिपत्रकही त्यांनी मला दिलं होतं.

तिसऱ्या मार्चमध्ये वारा फिरला.

मी बँकेत होते. तात्यांच्या सुनेचा फोन आला, आणि मला फक्त "काकी, आग" एवढंच कळलं. सासवडपर्यंतचा घाट आम्ही कसा गेलो ते मला आजही आठवत नाही. मंदार गाडी चालवत होता. पोहोचलो तेव्हा आई रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, खुर्चीसकट तात्यांनी आणि त्यांच्या मुलानं उचलून आणून ठेवलेल्या. मला बघताच म्हणाल्या, "माझा चष्मा आत राहिलाय." मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझ्या केसांतली राख झटकली.

घर वाचलं होतं. पडवीलगतची सरपणाची रास गेली होती, दाराची चौकट काळी झाली होती. पश्चिमेचा अडुळसा मलूल पण हिरवा उभा होता. तिकडची आग घायपातापाशी येऊन संपली होती. दक्षिणेकडून ती सरळ आत आली होती. गिरीपुष्प मार्चमध्ये पानं टाकून मोकळं होतं, हे आमच्यापैकी कुणी बघूनही बघितलं नव्हतं. नुसत्या काठ्या उभ्या, खाली घोटाभर वाळलेला पाला, त्यात गवत. तिथून आग पडवीपर्यंत चालत आली.

तात्या मान खाली घालून उभे होते. मंदार त्यांना बरंच काही बोलला. पण ज्या हातांनी डोंगर पेटवला, त्याच हातांनी आमच्या आईला उचलून बाहेर काढलं होतं, त्यामुळे मंदारला ना धड भांडता येत होतं, ना आभार मानता येत होते.

दुसऱ्या दिवशी मंदारनं आईंची बॅग भरायला घेतली. "आता बास. पुण्याला चल." आई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याची मला भीती वाटली. पेठेतला जिना, खिडकीशी लागलेला रस्ता, तो पंप, सगळं त्यांना दिसत असणार.

तेवढ्यात फाटकातून बाई आल्या. भर दुपारी, एसटीनं, डोक्यावर ओला रुमाल. मी रात्री फोनवर फक्त 'आग लागली, सगळे ठीक' इतकं सांगितलं होतं. त्या कुणाशी न बोलता दक्षिणेच्या बाजूला गेल्या, कुठे जळायचं राहून गेलं होतं तिथला मूठभर पाला घेऊन आल्या आणि आईंसमोर पडवीच्या पायरीवर बसल्या. एक वाळलेलं पान पिनेत धरलं, काडी ओढली. बाईंनी 'एक' म्हणेपर्यंत पान नव्हतं.

"जूनमध्ये तीन काड्यांना पेटलं नाही हे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतला नव्हता. "पस्तीस वर्षं मी मुलांची परीक्षा मार्चमध्ये घेतली. झाडांची जूनमध्ये घेत राहिले. शाळेच्या पहिल्या दिवशी सगळीच मुलं हुशार दिसतात. हे मला कळायला हवं होतं. तुमचा जीव गेला असता."

"म्हणजे आम्ही तीन वर्षं नापास झाडामागे झोपत होतो," आई म्हणाल्या.

"हो."

"फोनवर सांगितलं असतंत तरी चाललं असतं. ह्या उन्हात कशाला आलात?"

"चूक फोनवर सांगत नाहीत."

आईंनी तात्यांच्या सुनेला पाणी आणायला सांगितलं. बाई पाणी प्यायल्या, आणि मग मंदारकडे वळून म्हणाल्या, "आईंना न्यायचं तर न्या. मात्र घराची किल्ली मला द्या. पाऊस पडेपर्यंत मी इथे राहणार. मी सांगितलेल्या कुंपणामागे मलाच राहायला हवं."

"बाई, तुमचं वय काय..."

"आगीला सांगा ते. ती विचार करेल."

"आणि माझ्या घरात," आई एकदम ताठ झाल्या, "मी नसताना तुम्ही राहणार? स्वयंपाकघरात पानं जाळणार? मंदार, ठेव ती बॅग खाली."

मंदारनं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा विहीर बघायला गेले.

अशा रीतीनं बाई आमच्याकडे तीन महिने राहिल्या. गिरीपुष्प बुंध्यापासून तोडून टाकलं. घरापासून कुंपणापर्यंत आणि कुंपणाबाहेर दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी पट्टी खरवडून नुसती माती ठेवली. ती रोज झाडायची, पाल्याचं एक पान दिसता कामा नये. घराजवळच्या झाडांच्या कमरेखालच्या फांद्या छाटल्या, म्हणजे गवताला लागलेली आग फांद्यांवर चढणार नाही. आई खुर्चीत बसून देखरेख करत आणि बाईंच्या मातीत त्यांना पानं सापडत. "बाई, ते बघा एक. तिकडे. नाही, डावीकडे. शिकवायला होतात ना तुम्ही?"

तात्यांना मात्र बाईंनी ह्या खेपेला शास्त्र सांगितलं नाही. त्या त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या आणि विचारलं, "तुमचा आजा कधी पेटवायचा? कुठल्या वेळी?" तात्यांनी आठवून आठवून सांगितलं, की आजा पहाटे पेटवायचा, दंव असताना, वारा पडलेला असताना, आणि आधी कडेनं पट्टा जाळून घ्यायचा, चार माणसं हाताशी ठेवून. "मग तुम्ही दुपारी का पेटवता?" तात्या म्हणाले, "पहाटं आता कोन उठतंय, बाई?" बाई म्हणाल्या, "मी उठते. मला हाक मारा." पुढच्या वर्षी थंडी सरता सरता एका पहाटे खडकीहून येऊन त्यांनी तात्यांबरोबर उभं राहून सबंध उताराच्या कडेनं पट्टा जाळून घेतला. काडी बाईंची होती. तात्या ते गावभर सांगत होते.

आणि रविवारी मी ड्रायव्हर. गिरीपुष्प सांगितलेली ती नऊ घरं. रणरणत्या उन्हात आम्ही एकेका फाटकाशी जायचो. बहुतेकांना बाई आठवायला वेळ लागे. एक निवृत्त गृहस्थ तर जरा घुश्शातच म्हणाले, "अहो, आमचं काही जळलेलं नाही. आमची काही तक्रार नाही."

"म्हणून तर आले," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं. कोयता आहे का घरात?"

वहीत त्यांनी सगळी जुनी पानं लाल शाईनं आडवी खोडली होती. प्रत्येक झाडाचा जूनचा निकाल रद्द. नव्या रकान्यावर लिहिलं होतं, 'मार्च'. त्यात करंजाचं विशेष प्रावीण्यही गेलं, कारण तोही ऐन वेळी पानं टाकतो. अडुळसा तेवढा दोन्ही वेळा पास झाला. त्याच्यापुढे शेरा होता, "मध्यम बुद्धीचा, पण वर्षभर अभ्यास करतो."

आता शेवटचं. त्या आगीनंतरच्या वर्षीच्या मार्चची गोष्ट. पट्टा जाळून झाल्यावर बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या खडकीला भाचीकडे पडून होत्या. दक्षिणेला आम्ही पावसाळ्यात अडुळसा लावला होता, तो जेमतेम कमरेएवढा. एका दुपारी डोंगराच्या पलीकडून वणवा आला. कुणी लावला ते कळलं नाही. तात्यांच्या घरचे सगळे लग्नाला गेलेले, सून आठवड्याच्या बाजारात. आई एकट्या. गावातून कुणीतरी धूर दिसला म्हणून मला फोन केला.

आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं शांत होतं. तात्यांचा जाळलेला पट्टा जिथे अरुंद होता तिथून आग खाली आली होती, आमच्या मोकळ्या मातीपर्यंत येऊन काळी पडली होती. अडुळशाची बाहेरची पानं करपली होती, आतली हिरवी होती. आणि आई पडवीत, त्यांच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. सगळं त्यांनी तिथूनच पाहिलं होतं.

"आई, तुम्ही बाहेर का नाही पडलात?" मी ओरडलेच. "वॉकर हाताशी होता!"

"कशाला पडू?" त्या म्हणाल्या. "बाईंनी पास केलेलं कुंपण आहे."

मला इतका अभिमान वाटला, की मी तिथल्या तिथे बाईंना फोन लावला. स्पीकर लावला, म्हणजे आईंनाही ऐकू जाईल. सगळं रंगवून सांगितलं. आग कशी आली, कशी थांबली, आई कशा विश्वासानं बसून राहिल्या. पलीकडे काहीच आवाज येईना. मला वाटलं, बाईंना आनंदानं भरून आलं.

"बसून राहिल्या?" बाई म्हणाल्या.

"हो!"

"जागच्या हलल्या नाहीत?"

"अजिबात नाही, बाई. म्हणाल्या..."

"फोन त्यांच्याजवळ दे." आणि मग खडकीहून जो आवाज आला, तो मी नववीनंतर ऐकला नव्हता. "ऐकताय का? कुठल्याही झाडाला मी आग लागणार नाही असं लिहून दिलेलं नाही! झाड वेळ देतं. पळायला वेळ देतं. तो वेळ तुम्ही खुर्चीत बसून घालवलात? एकदा तुमचा जीव माझ्यामुळे जात होता. पुन्हा गेला असता, तर मी काय केलं असतं? मला सांगा, मी काय केलं असतं?" बाई रडत होत्या. इतक्या वर्षांत मी बाईंना रडताना ऐकलं नव्हतं, आणि आईंनी कुणाचं इतकं ऐकून घेतलेलंही पाहिलं नव्हतं.

मग बाईंनी नाक ओढलं. "उठा," त्या म्हणाल्या. "आत्ता. वॉकर घ्या आणि फाटकापर्यंत चालून दाखवा. मी फोन ठेवत नाहीये."

आग विझून तास होऊन गेला होता. आई मंदारकडे बघायला लागल्या, मग माझ्याकडे. शेवटी त्यांनी हात पुढे करून वॉकर ओढला, उठल्या, आणि ज्याला कधी धरणार नव्हत्या त्या स्टुलाला धरून एकेक पाऊल टाकत पायरी उतरल्या. मध्ये दोनदा थांबल्या. मी फोन हातात धरून मागून चालत होते. फोनमधून फक्त श्वास ऐकू येत होता. फाटकाशी पोहोचल्यावर आईंनी कडी घट्ट धरली, दम खाल्ला आणि मागे न वळता म्हणाल्या,

"सांग त्यांना, पोहोचले."